चार बोटं डावीकडे

आमच्या घरी बंदूक आहे हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चौसोपी वाडा, भिंतीवर वाघाचं मुंडकं आणि खाली पिळदार मिशा उभ्या राहतात. आमच्या सोप्यात खुंटीला आहे ती छर्ऱ्याची बंदूक. नळी मधे मोडायची, साडेचार मिलीमीटरचा शिशाचा छर्रा बोटानं आत ढकलायचा, नळी सरळ करायची आणि चाप दाबायचा. शिकारीचं प्रकरण सरकारनं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आवरलं. पण तो कायदा नसता, तरी आमच्या बंदुकीकडून एखाद्या सशाला धोका होता असं मला वाटत नाही.

गाव कृष्णेकाठचं, कऱ्हाड आणि सांगलीच्या मधलं. शाळवाच्या राखणीला पूर्वी माळ्यावर गोफण असायची. गोफणीचा धोंडा पाखराला लागलाच पाहिजे अशी कुणाची अपेक्षा नसते. थवा उठला की काम झालं. त्यामुळे गोफणीचा नेम चुकला अशी तक्रार मी कधी ऐकली नाही. चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, ही बंदूक आणली आणि नेम नावाची भानगड घरात शिरली.

दिवाळीच्या सुट्टीत परड्यात मातीच्या बांधापुढे डालड्याचा डबा टांगला, त्यावर कोळशानं ठिपका काढला आणि वीस पावलांवरून आम्ही बार काढू लागलो. छर्रे बांधात जात. डबा तेवढा सुखरूप.

आमच्याकडे गुऱ्हाळावर रस आणि पारावर सल्ला फुकट मिळतो. तासाभरात परडं भरलं. गुळव्यानं छर्रा दाताखाली दाबून सांगितलं, "शिसं भेसळीचं हाय." किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात जन्म काढलेले एक टर्नर होते. त्यांनी नळीला डोळा लावला आणि निदान केलं, "दोन थाऊ औट हाय." मास्तर म्हणाले, बंदुकीत काही दोष नाही, मुलाचं चित्त थाऱ्यावर नाही. आजीनं कुणाचंच ऐकलं नाही. बंदुकीला दृष्ट लागली म्हणून तिनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. पुढचाच छर्रा डब्याला टणकन् लागला. त्यानंतरचे दहा लागले नाहीत, पण ते आजीनं मोजले नाहीत.

पाडव्यानंतर काकूंना माहेरी न्यायला त्यांचे वडील आले. ते साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे. त्या गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, कारण तिथं घरटी फौजी. हे स्वतः निवृत्त सुभेदार आणि त्यातून आबांचे सासरे. त्यामुळे आबांना वाद घालायची सोयच नव्हती.

त्यांनी आल्या आल्या बंदूक खांद्याला लावली नाही. स्क्रूड्रायव्हर मागितला. दस्त्याचे तिन्ही स्क्रू अर्धा-अर्धा आटा आत गेले. "जावईबापू, ही बंदूक न्हवं, खुळखुळा हाय." मग माझ्या चड्डीच्या खिशातले छर्रे तळहातावर घेतले. छर्ऱ्याची मागची कड घाघऱ्यासारखी पातळ असते. ती खिशातल्या गोट्यांखाली चेंबली की छर्रा नळीतून सरळ निघत नाही. निम्मे छर्रे त्यांनी उकिरड्यावर टाकले. नळीतून धोतराची चिंधी ओढली, ती काळी मिचकूट निघाली. नळी जिथं मोडते त्या सांध्यावर पतंगाच्या कागदाचा कपटा ठेवून बार काढला, तर कपटा उडाला. म्हणजे वॉशर गेला होता आणि हवा तिथूनच पळत होती.

"तेल कोण घालतं हिला?"

आबा खाकरले. ते रोज सकाळी देवाच्या समईला घालावं तसं बंदुकीला तेल घालत. बार जोराचा व्हायचा, धूरही यायचा आणि आबा खूश व्हायचे. सुभेदारांनी समजावलं की ते तेल आत पेट घेतं. कधी जास्त पेटतं, कधी कमी, म्हणून एक छर्रा वर जातो आणि दुसरा खाली. धूर बघून खूश होणं बंद करा.

मग माझी पाळी. मी बंदूक चोर धरावा तशी आवळून धरत होतो. "ढिली धर. तिला हलायचंय तसं हलू दे." आतली स्प्रिंग सुटते तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो आणि बंदूक थरथरते. प्रत्येक वेळी वेगळी आवळली की थरथर वेगळी आणि छर्ऱ्याची वाटही वेगळी. आवळल्यानं नेम सुधारतो हा समज मी पुढे इतर बाबतींतही बराच काळ बाळगला. असो.

सायकलच्या दुकानातून चामड्याचा वॉशर कापून आणून बसवला. सुभेदार म्हणाले, "आता पाच मार. ठिपका लागतो का ते बघू नगं, पाच जण कुठं बसत्यात ते बघ."

पाचही छर्रे डब्यावर लागले, पण ठिपक्याच्या चार बोटं डावीकडे. मला रडू यायचं बाकी होतं. सुभेदारांनी खिशातून रुपया काढून त्या भोकांवर ठेवला. पाची झाकली गेली. "झालं काम. गट पडला."

आमच्या सांगली-साताऱ्यात गट म्हटलं की पुढचा प्रश्न "कुणाचा?" असा असतो. सोसायटीत गट, कारखान्यात गट, एका बांधाच्या दोन बाजूंना दोन गट. पण गट पडल्याचा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिला. ते म्हणाले, पाच ठिकाणी पाच गेले तर पाच चुका शोधाव्या लागतात. पाच एका ठिकाणी गेले तर चूक एकच.

ती एक चूक त्यांनी कशी काढली? नळीच्या तोंडाशी खाचेत बसवलेली नेम धरायची माशी हातोडीनं हलकेच डावीकडे सरकवली. मला वाटलं, म्हातारा चुकला. छर्रा डावीकडे जातो, तर माशी उजवीकडे नको का? नको. माशी चुकीच्याच दिशेनं सरकवायची असते. मग ती ठिपक्यावर आणताना आपण नकळत नळी उजवीकडे नेतो. पुढचा छर्रा ठिपक्यात गेला. आजी म्हणाली, मिरच्यांचा गुण उशिरा येतो.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचं, आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलीमीटरचं, म्हणजे टपोऱ्या हरभऱ्याएवढं. कोल्हापूरकराचं कौतुक करणं आमच्या जिवावर येतं, पण त्या दिवशी केलं. ऐंशी ओलांडलेल्या आबांनी मोबाईल डोळ्यांशी नेऊन तज्ज्ञाचा अभिप्राय दिला, "पोराचं स्क्रू घट्ट दिसत्यात."

माझ्या चुकांचाही असाच गट पडलेला आहे. मी कुठेही जायचं तर बरोबर वीस मिनिटं उशिरा निघतो. बायकोनं भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे करून ठेवलं आणि तेव्हापासून माझी गाडी चुकलेली नाही. धाकटा भाऊ मात्र कधी तासभर आधी स्टेशनावर, कधी गाडी गेल्यावर. अशा माणसाबद्दल मराठीत 'त्याचा काही नेम नाही' म्हणतात. त्याच्यासाठी घड्याळ कुठे सरकवायचं, ते सुभेदारांनाही जमलं नसतं.

बंदूक अजून खुंटीला आहे. येणारा पाहुणा ती हातात घेतो, डोळा लावतो आणि हमखास म्हणतो, "माशी जरा वाकडी बसलीय की!" कधी आमच्या सोप्यात आलात, तर तेवढी सरळ करू नका.