चित्र कसं फूट दिलाव?

सोलापुरात कलेला मान नाही, अशी बोंब हल्ली वरचेवर कानावर येते. बोंब मारणारे बहुतेक पंचविशीच्या आगेमागे असतात आणि आपलं काम आपणच विकायचं असा त्यांचा हट्ट असतो. कुणी चित्रं काढतं, कुणी मातीची भांडी घडवतं, कुणी गिटार घेऊन स्वतःच रचलेली गाणी म्हणतं. मध्ये दलाल नको, पुण्या-मुंबईच्या खेपा नकोत, आपल्याच गावात आपल्याच माणसांना विकू म्हणतात. आता, आपली माणसं कधी विकत घेतात का? विकत परक्याकडून घ्यायचं असतं. आपल्या माणसाकडून मागून घ्यायचं असतं. एवढी साधी रीत ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी शहरातला एक ज्येष्ठ कलारसिक या नात्यानं हे चार शब्द लिहितोय.

माझ्या रसिकतेबद्दल कुणी शंका घेऊ नये. आमच्या दिवाणखान्यात भिंतीचा रंग दिसत नाही इतकी चित्रं आहेत, आणि त्यातलं एकही पैसे देऊन आणलेलं नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात माझी जागा पहिल्या तीन रांगांत असते. तिकीट कुठल्या खिडकीवर मिळतं ते मला आजतागायत माहीत नाही. तेव्हा मी जे सांगतो ते अनुभवाचे बोल समजावेत.

पहिली गोष्ट दराची. प्रदर्शनात गिऱ्हाइकानं ‘चित्र कसं फूट दिलाव?’ असं विचारलं की ही पोरं दुखावतात. यात दुखावण्यासारखं काय आहे? आमचं गाव मापाचं आहे. चादर आम्ही लांबी-रुंदी बघून आणि हातात वजन तोलून घेतो, डिजिटल फलक फुटावर छापून घेतो, जागा गुंठ्यावर. चित्रानंच काय घोडं मारलंय? शिवाय या दराला आपल्याच जिल्ह्याची परंपरा आहे. मकबूल फिदा हुसेन 1915 साली पंढरपुरात जन्मले. पुढे मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, तेव्हा त्यांना चौरस फुटाला चार ते सहा आणे मिळायचे. म्हणजे फुटाचा भाव आम्ही नाही काढला, तो बाजारात होताच.

बरं, हे गृहस्थ मोठे झाल्यावर तरी पद्धत बदलली का? 1954 साली त्यांनी रंगवलेलं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 118 कोटींच्या आसपास गेलं. चित्र सुमारे चौदा फूट लांब आणि तीन फूट उंच. भागाकार करा. फुटाला पावणेतीन-तीन कोटी पडतात. शेवटी दर फुटावरच निघाला ना! तिथं लिलाव पुकारणाऱ्यानं हिशेब उघड सांगितला नाही, आमचा माणूस सरळ तोंडावर विचारतो, फरक एवढाच. हे चित्र कित्येक दशकं नॉर्वेत ऑस्लोच्या एका दवाखान्यात टांगलेलं होतं म्हणे, आणि पेशंट त्याच्याखालून ये-जा करत होते. आमच्याकडेही दवाखान्यात चित्रं असतात, तारखांसकट. औषध कंपन्या ती फुकट देतात.

तेव्हा कोटीचा भाव हवा असेल तर मार्ग ठरलेला आहे: आधी गाव सोडायचं, मग राज्य, मग देश. गावात राहून भाव मागणाऱ्यांनी शाहीर राम जोशी आठवावा. अस्सल सोलापूरचा माणूस, पेशवाईतला. वेदशास्त्राच्या घरात जन्मून तमाशाच्या नादी लागला, म्हणून थोरल्या भावानं घराबाहेर काढला. पंढरपुरात जाऊन संस्कृत शिकला, मग लावण्या घेऊन पुण्याला गेला, दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात पोचला. 1947 साली त्याच्यावर सिनेमाही निघाला. सोलापूरनं याहून जास्त काय करायचं? योग्य वेळी हाकलून दिलं, हीच त्याला मिळालेली पहिली शिष्यवृत्ती. आजच्या पोरांना घरात ठेवून घेतात, वर वडील जेवायलाही घालतात. मग प्रतिभा कशी फुलणार?

आणि सोलापुरात कला विकली जात नाही, हे साफ खोटं. देशभर जितक्या घरांत सोलापूरच्या कलावंताचं काम आहे तितक्या घरांत दुसऱ्या कुणाचं नसेल. फक्त लोक ते भिंतीवर लावत नाहीत, पांघरून झोपतात. शहराच्या पूर्व भागात चौकोनाच्या कागदावर एकेक चौकोन भरत चादरीची नक्षी काढणारी माणसं होती, अजून थोडी आहेत. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पडतात, पुठ्ठ्यांची माळ जेकार्डावर चढते, आणि मग मागावर मोर, कमळ, वेल उतरत जातात. वॉलहँगिंगमध्ये तर देव आणि पुढारी हुबेहूब विणून देतात. पुढाऱ्याच्या चेहऱ्यावर नसलेलं तेजही धाग्यात आणतात. चादरीच्या कडेला नाव असतं, ते कारखान्याचं. नक्षी काढणाऱ्याचं नाव विचारायचं आपल्याला कधी सुचलं का? नाही. त्यानंही कधी स्वतःहून सांगितलं नाही. याला म्हणतात कलावंत. हल्लीची पोरं कोपऱ्यात सही करतात, तीही अशी की चित्रापेक्षा आधी दिसावी.

या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पानिपतात बनलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून बाजारात फिरतोच. पानिपतानं मराठी माणसाला दोनदा गाठलं, एकदा 1761 मध्ये आणि एकदा चादरीत. पण मी याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. ज्याची नक्कल होते त्याला किंमत असते. माझा या पोरांना नेहमी सवाल असतो, बाबा, तुझ्या चित्राची कुणी चोरी करतं का? नाही ना? मग आधी तेवढी लायकी मिळव.

आता विकायचं कुठं? गड्डा यात्रेत होम मैदानावर पाळणे असतात, मौत का कुआ असतो, भांडी असतात, खेळणी असतात. चित्रवाल्यानं तिथं मांडायला हरकत नाही, फक्त पाळण्याच्या भोंग्यापुढं त्याला आपली शैली ओरडून समजावता आली पाहिजे. ते नको असेल तर फूटपाथ आहे. 2016 च्या जानेवारीत देशातली पहिली वीस स्मार्ट शहरं जाहीर झाली, त्यात आपलं नाव होतं. तेव्हापासून आपल्याकडे निदान बोलण्यात तरी फूटपाथ असतो. पण फूटपाथवर चित्रं मांडली की तुम्ही कोण, हा प्रश्न येतो. चित्रकाराला कुठलं संरक्षण असल्याचं मी ऐकलं नाही. फेरीवाल्याला आहे, 2014 चा केंद्राचा कायदा आहे, त्यात सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, समिती आहे. म्हणून माझा सल्ला असा की चित्रांच्या पुढ्यात शेंगाचटणीच्या पाच-पन्नास पुड्या ठेवाव्यात. महापालिकेची गाडी आली तर तुम्ही चटणीवाले, आणि नाही आली तर चटणी तेवढी नक्की खपेल.

जीएसटीची भीती काही जण घालतात. तीही निराधार आहे. माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीच लागत नाही. आमच्या गावातल्या चित्रकारांची उलाढाल चाळीस लाखांच्या आत राहावी, यासाठी आम्ही रसिक वर्षानुवर्षं एकजुटीनं झटतोय. आभार कुणी मानत नाही, ते सोडा.

मांडलेल्या मालाजवळ उभं राहायचं कसं, हेही शिकावं लागतं. सोलापुरात भाव चार भाषांत पडतो. मराठीत ‘कसं दिलाव’, कानडीत ‘एष्टू’, तेलुगूत ‘एंता’ आणि दखनीत ‘कित्ते को’ विचारून झाल्याशिवाय इथं कुणी खिशाला हात लावत नाही, आणि विचारून झाल्यावर तर मुळीच नाही. मागे एका मुलीनं भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव अशी चित्रं मांडली होती. मी शेजारी उभा राहून एका गिऱ्हाइकाला ती समजावून देत होतो.

‘‘कसं दिलाव ओ हे?’’

‘‘चार हजार, काका.’’

‘‘फ्रेमसकट?’’

‘‘हो.’’

‘‘आणि फ्रेम काढून?’’

‘‘साडेतीन हजार.’’

‘‘मग चित्र काढून फ्रेम केवढ्याला पडंल?’’

मुलगी गप्प झाली. मला मात्र तो माणूस आवडला. त्यानं पाचशेला फ्रेम नेली, घरी सासऱ्यांचा फोटो लावायचा होता. चित्र मुलीकडेच राहिलं, म्हणजे तिचं नुकसान शून्य. जाताना मला म्हणाला, ‘‘पोरगी हुशार हाय, इंटरमिजिएटला ए ग्रेड असंल.’’ होतीच. चित्रकलेच्या त्या परीक्षेत ए मिळाला की दहावीला सात गुण जास्त मिळतात, बी ला पाच, सी ला तीन. सरकारनं कलेचा भाव याहून स्पष्ट कधी सांगितला नसेल. सात गुण घेऊन झाले, पोरगी पुढे सायन्सला गेली, की रंगपेटी पोटमाळ्यावर जायला हवी होती. ही पेटी घेऊन फूटपाथवर आली. यात शहराचा काय दोष?

काही कलावंत मात्र शहाणे आहेत. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा वाटेवर रांगोळ्यांच्या पायघड्या पडतात. काय ती बोटं, काय ती नजर! पहाटेपासून वाकून वाकून रस्ता भरतात, मग नंदीध्वजांच्या सातही काठ्या त्यावरून जातात आणि संपलं. बिल नाही, सही नाही, मागं काही शिल्लक नाही. ती सिद्धरामेश्वरांची सेवा आहे, तिथं पैशाचा विषयच नाही, हे मलाही कळतं. मी फक्त इतकंच सुचवतो की हाच नियम लग्नाच्या पत्रिकेला, दुकानाच्या पाटीला, भाचीच्या बारशाच्या स्वागतफलकाला आणि आमच्या मंडळाच्या देखाव्यालाही लावावा. सेवा ही सेवा. त्यात देवाची आणि मंडळाची असा भेदभाव कशाला?

आणि आम्ही काहीच देत नाही असं थोडंच आहे? सत्कार देतो. टॉवेल, टोपी, शाल, श्रीफळ, वर फेटा. टॉवेल तर गावातच बनतो, म्हणजे स्थानिक उद्योगालाही उत्तेजन. एका होतकरू गायकाकडे इतक्या शाली साठल्या की त्यानं त्या विकायला काढल्या. गाणं कधी विकलं गेलं नव्हतं, शाली तासाभरात गेल्या. मला वाटतं, गावात स्वतंत्र कलावंतानं स्वतःच्या जोरावर केलेली ती सगळ्यांत यशस्वी विक्री असावी. एक शाल मीच घेतली, अर्ध्या किमतीत. पुढच्या महिन्यात एका शिल्पकाराला घातली.

त्या किल्लेवाल्या मुलीचंही आम्ही चांगलं केलं. मुंबईत तिला कसलंसं बक्षीस मिळालं, पेपरात चार ओळी आल्या, म्हटल्यावर गाव मागं कसं राहील? चौकात वीस बाय दहाचं डिजिटल लावलं. मध्यभागी आमचे नेते, दोन्ही बाजूंना आम्ही, खाली शुभेच्छुकांच्या तीन ओळी, सगळे गॉगल लावून. उजव्या कोपऱ्यात ‘सोलापूरची शान’ असं लिहून तिचा पासपोर्ट साइज फोटो. छापणारा पोरगा कलासक्त आहे. नुसती भगवी-पिवळी पार्श्वभूमी उठून दिसेना, म्हणून त्यानं तिच्याच मोबाइलच्या पानावरचं तलावाचं चित्र उचललं, सहीपुरती कड कापली आणि आमच्या मागं पसरलं. एवढं झकास दिसलं की त्याच आठवड्यात तेच चित्र एका वाढदिवसाला, एका पानटपरीच्या उद्घाटनाला आणि एका दशक्रिया विधीच्या फलकालाही लागलं. फूटपाथवर चार हजारांना कुणी हात लावत नव्हतं, ते बघता बघता गावभर झालं. आता तरी नक्कल होण्याइतकी लायकी आली म्हणून मी तिचं मनापासून अभिनंदन केलं.

तर मुलगी माझ्याकडे बिल घेऊन आली. नीट टाइप केलेलं. आमचं डिजिटल दोनशे चौरस फूट, फुटाला वीस रुपये, एकूण चार हजार. वाढदिवस, टपरी आणि दशक्रियेचं वेगळं, त्या त्या माणसाच्या नावानं. म्हणाली, ‘‘काका, तुम्हीच म्हणालाव ना, दर फुटावर लावायचा?’’

मी तिला बसवलं, चहा दिला आणि समजावून सांगितलं, बाळ, ही कला आहे. कला काय फुटावर मोजतात? कलेला मोल नसतं.

ती गेली. बिल टेबलावरच राहिलं. पाठीमागची बाजू कोरी होती, चांगला जाड कागद. गुढीपाडव्याला ज्या कलावंतांचे सत्कार करायचेत, त्यांची यादी मी त्यावरच उतरवली.