हिशेबाचे नंतर बघू

माणसांचा माणसांवर विश्वास उरला नाही, अशी ओरड आपण रोज ऐकतो. अशा काळात स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्यांचा एक गोतावळा डोळे मिटून परस्परांवर विश्वास टाकतो आहे आणि दिवसेंदिवस वाढतो आहे. नागरिक म्हणून त्याचे कौतुक करणे आपले कर्तव्य आहे.

त्यांची कार्यपद्धती साधी आहे. पहिला पैसे घालतो, कारण दुसरा घालणार असे त्याच्या कानावर आलेले असते. दुसरा घालतो, कारण पहिल्याने घातले. तिसरा दोघांची नावे पाहून सही करतो. ताळेबंद या तिघांपैकी कोणीतरी वाचलाच असेल, याची प्रत्येकाला खात्री असते. इतके निर्मळ परस्परसाहाय्य आपल्या सहकार चळवळीलाही साधले नाही, आणि तिने प्रयत्न काही कमी केले नाहीत.

पुण्यात बाणेरकडच्या हॉटेलांत भरणाऱ्या बैठका पाहाव्यात. पडद्यावर डावीकडे जमिनीशी लोळणारी रेघ उजवीकडे एकदम आभाळात जाते. खाली लिहिलेले असते : लोकसंख्या १४० कोटी, त्यातले फक्त १ टक्का ग्राहक. एखादे निवृत्त गृहस्थ विचारतात, "नफा कधीपासून?" सगळे अवघडतात. मग कोणीतरी मायेने सांगते, "काका, सध्या ग्रोथ बघायची." काका समजूतदार असतात. "बरं, लीड इन्व्हेस्टर कोण आहे?" एवढेच विचारतात आणि त्या क्षणी गोतावळ्यात सामावले जातात.

हे फक्त काकांपुरते आहे असे कोणी समजू नये. मार्च २०२२ मध्ये जगातल्या नामवंत गुंतवणूकदारांनी जोपासलेल्या बायजूज या ऑनलाइन शिकवणी कंपनीचे मूल्य २२ अब्ज डॉलर ठरले. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षाचे हिशेब तेव्हा बाहेर यायचे होते. ते सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि त्यांत साडेचार हजार कोटींहून अधिक तोटा निघाला. किंमत आधी, हिशेब नंतर, हा क्रम किती सुटसुटीत! जून २०२३ मध्ये लेखापरीक्षक डेलॉइट बाहेर पडले, गुंतवणूकदारांचे तीन संचालकही गेले. २०२४ मध्ये त्या गुंतवणूकदारांपैकीच एक असलेल्या प्रोससने आपल्या हिश्श्याची किंमत शून्य लावली. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली ती जुलै २०२४ मध्ये, आणि तीही भारतीय संघाच्या जर्सीवरील जाहिरातीचे सुमारे १५८ कोटी रुपये मागणाऱ्या क्रिकेट मंडळाच्या अर्जावरून. बिल दाखवून पैसे मागण्याचा रोखठोकपणा बाहेरच्या माणसांतच असायचा.

या गोतावळ्याकडून सरकारनेही शिकावे, आणि ते शिकले. शेअरला वाजवी किंमत नावाचे काही असते, अशी त्याची २०१२ पासून समजूत होती. त्याहून जादा पैसे घेणाऱ्या कंपनीकडून त्या जादा रकमेवर एंजल टॅक्स घेतला जाई. त्याच जुलै २०२४ मधल्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला.

तेव्हा सुजाण वाचकहो, पुढच्या राउंडला जरूर या. चेकबुक आठवणीने आणा. चष्मा राहिला तरी चालेल. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवणारी माणसे तिथे असतात.