बोटावर निभावलं

बव्हेरियातल्या लोकोत्सवात ‘फिंगरहाकेल्न’ बघावं. टेबलाच्या दोन बाजूंना दोन पहिलवान, दोघांच्या बोटांत चामड्याचा एकच पट्टा. समोरच्याला टेबलावरून आपल्याकडे ओढलं की जिंकलात. पाठीमागे झेलायला माणसं बसवलेली. पूर्वी गुत्त्यातली भांडणं अशीच मिटत म्हणे; वकिलाची फी वाचली, जिवावरचं बोटावर निभावलं! जर्मन भाषेत एखाद्याला ‘टेबलावरून ओढणं’ म्हणजे फसवणं. इथे तेच राजरोस, पंचांसमोर, वजनगटानुसार चालतं.

शेजारी दुसरी तपश्चर्या: लिटरभर बिअरने भरलेला मग हात ताठ ठेवून धरायचा. कोपर वाकलं किंवा बिअर सांडली की बाद. समोर बिअर असून न पिणं, हा बव्हेरियन संयमाचा कळसच! प्रेक्षकांना मात्र हा नियम लागू नाही. त्यांची कोपरं मनसोक्त वाकत असतात.