समुद्रातला धुरा

"बाई, वढ्याच्या काठाले काल चार पोरं दगडाले भोकं पाडून राह्यली व्हती. पानी लागन असं वाटते का त्याइले?"

तारेच्या कुंपणापलीकडं काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. म्हटलं, "पाणी नाही हो, दिशा शोधतात ते. लोणारला येणारे भूगर्भवाले असतील. अंगठ्याएवढी जाड कांडी कापायची, आणि उपटण्याआधी तिच्यावर उत्तरेची खूण करायची. खूण चुकली की मेहनत वाया."

"काळ्या दगडात कायची दिशा?"

भूगोलाच्या मास्तरणीला असं विचारल्यावर ती गप्प बसते होय! "हा आपला दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात लोहाच्या खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवताना पृथ्वीच्या चुंबकाची दिशा त्या कणांत उमटते नि तशीच राहते. १९५० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनचे दगड मोजले, तर निघालं काय? ह्यांचा जन्म विषुववृत्ताच्या दक्षिणेचा!"

"म्हंजे आपलं बीबी गाव तिकून आलं?"

"गाव इथंच वसलं. खालची जमीन तिकडून आली."

काकूंना काही पटलं नाही. पटावं तरी कसं? तेव्हाच्या मोठमोठ्या पंडितांनाही पटत नव्हतं. जमीन सरकते म्हणता, पण कशी? त्याचा पुरावा सापडला तो आपल्याच बाजूच्या समुद्रात.

"काकू, दोन वावरांमधला धुरा कोरला म्हणून आपल्याकडं भावाभावांत डोकी फुटतात. अरबी समुद्राच्या पार तळाशी मात्र असा एक धुरा आहे, की त्याच्या मधोमध फट आहे. फटीतून लाव्हा वर येतो, थिजतो, आणि दोन्हीकडच्या वावरांत नवी जमीन भरते. सगळी मिळून वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर. अलीकडं भारत, पलीकडं आफ्रिका."

"दोघांचीबी वाढते? मंग भांडन कायचं!"

हा धुरा म्हणजे समुद्राखालची डोंगररांग, नाव कार्ल्सबर्ग. ती शोधणाऱ्या १९२८ ते १९३० च्या सफरीला डेन्मार्कच्या बिअरवाल्यांच्या संस्थेनं पैसा पुरवला, म्हणून हे नाव. काकूंनी नाक मुरडलं. पण १९६२ मध्ये 'ओवेन' नावाच्या ब्रिटिश जहाजानं याच रांगेवर चुंबकमापक ओढत नेला. तळाचा काही दगड आजच्या उत्तरेकडं तोंड करून होता, काही थेट उलट. पृथ्वीचं चुंबक मधूनमधून पालटतं ना! शेवटचं पालटलं त्याला पावणेआठ लाख वर्षं झाली. केंब्रिजचे मॅथ्यूज आणि त्यांचा विद्यार्थी व्हाइन यांनी १९६३ मध्ये मांडलं, की फटीतून निघालेला लाव्हा त्या त्या वेळची दिशा घेऊन थिजतो आणि बाजूला सरकतो, म्हणून तळावर सुलट-उलट पट्टे पडतात. पुढं १९६६ च्या सुमारास पॅसिफिकमधल्या रांगेच्या दोन्ही अंगांचे पट्टे हुबेहूब जुळले. मग शंका घेणारे गप्प.

आता खरी कुचाळकी ऐका. हेच डोकं कॅनडाच्या मॉर्ले यांनीही चालवलं होतं. त्यांचा लेख परत आला, वर शेरा असा की हे पार्टीत गप्पा मारायला ठीक आहे, छापायला नाही. त्याच्या दहा वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये मारी थार्प अटलांटिकचा नकाशा काढत होती. बाई म्हणून तिला जहाजावर घेत नसत. पुरुषांनी समुद्रावरून आणलेले खोलीचे आकडे ती टेबलावर बसून कागदावर उतरवायची. तिथल्या रांगेच्या माथ्यावरची फट तिनं ओळखली, तर सहकारी हीझेन म्हणाले, ह्या बायकी गप्पा. वर्षभरात त्यांनाच कबूल करावं लागलं. मला विचाराल तर पहिला मान थार्पबाईंचा.

"बायकी गप्पा म्हने!" काकूंनी शेंग अशी मोडली, की दाणा कुंपणाच्या अलीकडं आला. "पन बाई, जमीन वाढतच गेली तं मावते कुठी?"

"एकीकडं वाढते, दुसरीकडं दबते. आपली जमीन हिमालयाखाली घुसतेय; अजूनही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडं सरकते. आपला दगड थिजला त्याच सुमारास वाटणी झाली, सेशेल्स बेटं पलीकडं राहिली नि आपण निघालो. तेव्हा तर वर्षाला पंधराच्या वर सरकत होतो."

"म्हनून किल्लारीचा भूकंप झाला?"

"समुद्राकडून रेटा, वर हिमालयाची अडवणूक. मधल्या जुन्या भेगांवर ताण येतोच."

काकू थोडा वेळ नुसत्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग समुद्रातल्या त्या नव्या जमिनीचा सातबारा कोनाच्या नावावर?"

प्रश्न चोख होता. "कुणाच्याच नाही. तिथला कारभार आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण पाहतं. फटीजवळ कढत पाणी वर येतं, त्यातून तांबं, जस्त, थोडं सोनं-चांदी साचतं. ते शोधायला भारतानं २०२५ च्या सप्टेंबरात करार केलाय. कार्ल्सबर्गवरचे दहा हजार चौरस किलोमीटर, पंधरा वर्षांसाठी. नुसतं शोधायचं हं, खणायचं नाही."

"म्हंजे मक्त्यानं घेतली. अन् त्या मालकाचं हापीस?"

"जमैकात. किंग्स्टन शहरात."

"चाला, हापीस कुठी हाय हे तं मालूम हाय," काकू म्हणाल्या. "आमचा तलाठी कुठी बसते तेच अजून सापडलं नाही."