लावा की, कोण नाही म्हणतंय!

भाड्याच्या घराचा करार हल्ली घरबसल्या होतो. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन हॉलमध्ये ठाण मांडतो, मालक आणि भाडेकरू आळीपाळीने अंगठा टेकवतात, कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहरा करतात आणि अकरा महिन्यांचं 'लिव्ह अँड लायसन्स' पक्कं होतं. त्याआधी घरातल्या वस्तूंची यादी मोठ्याने वाचली जाते. पंखे चार, ट्यूबलाइट पाच, गीझर एक, चिमणी एक, पडद्यांचे दांडे सहा. एका करारात तर मी 'कपडे वाळत घालण्याची दोरी, नायलॉन, हिरवी' अशी नोंद वाचली आहे. एवढं सगळं झाल्यावर, चहाचा कप खाली ठेवता ठेवता भाडेकरू विचारतो, "काका, गाडी कुठे लावू?" आणि काका हात हलवून म्हणतात, "लावा की, कोण नाही म्हणतंय!"

दोरीचा रंग कागदावर आला, गाडी मात्र तोंडीच राहिली. त्या क्षणी काकांच्या डोळ्यांपुढे भिंतीला चिकटून उभी असलेली एखादी बारीकशी स्कूटर असते. भाडेकरूने आदल्याच आठवड्यात एसयूव्ही बुक केलेली असते.

खरं तर कायद्याने याचा विचार करून ठेवलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदणी केलेला हवा आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. पण आमच्याकडची मंडळी भांडण कोर्टात नेत नाहीत. ती ते जिन्यात करतात. आणि जिन्यात कलम ५५ चालत नाही, तिथे 'तुमच्या वयाकडे बघून गप्प बसतोय' हे चालतं.

ज्या जागेवरून हे चालतं ती केवढी असते? मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेली २०२० ची बांधकाम नियमावली एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरते. म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत नवरा-बायको, चार मुलं, सासूबाई आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला भाचा असा संसार व्हायचा. ती खोली १२० चौरस फुटांची. मोटार एकटी झोपते, तरी तिला पंधरा फूट जास्त. भाचाही सोबतीला नसतो.

या जागेवरच्या तंट्यांचे प्रकार बरेच, पण माझ्या मते सर्वांत अवघड प्रकार म्हणजे बंगल्याचा. खाली मालक, वर भाडेकरू, आणि फाटकातून आत दोन गाड्या मावतील एवढा अरुंद बोळ, तोही एकापाठी एक. मालक पहाटे साडेपाचला टेकडीवर निघणारे. भाडेकरू हिंजवडीला अमेरिकेच्या वेळेने काम करणारा, रात्री दोनला परतणारा. म्हणजे उशिरा येणाऱ्याची गाडी नेमकी लवकर जाणाऱ्याच्या वाटेत. पहिले काही दिवस काका बेल वाजवतात. नुकता डोळा लागलेला मुलगा बर्म्युडात खाली येतो, गाडी बाहेर काढतो, काकांची गाडी जाऊ देतो, पुन्हा आत घेतो आणि वर जाऊन छताकडे बघत पडतो. मग तोडगा निघतो की किल्ल्या खाली ठेवायच्या. काकांच्या दारामागे, लाइट बिलांच्या तारेशेजारी, खिळ्याला.

तोडग्याने भांडण मिटतं हा आपला गैरसमज. आता काका रोज पहाटे भाडेकरूची गाडी चालवतात. फाटकापर्यंत आणि परत एवढीच, पण तेवढ्यात सीट पुढे ओढली जाते, आरसा खाली वळतो आणि रेडिओ आकाशवाणीवर येऊन थांबतो. भाडेकरू दुपारी गाडीत बसतो तेव्हा त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. तो बोलत नाही. काकाही बोलत नाहीत, पण गाडीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या किती, पुढच्या चाकात हवा कमी आहे का, हे त्यांना आता ठाऊक असतं. सर्व्हिसिंगची तारीख उलटलेली तर त्यांना झोपू देत नाही. एक दिवस जिन्यात ते म्हणतातच, "ऑइल बदला हो त्या गाडीचं." घरमालकाने भाडं मागावं, दिवे मालवायला सांगावं, ऑइल? तिथून पुढे दोघांत जे सुरू होतं त्याला भांडण म्हणावं की नातं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

दुसरा प्रकार फ्लॅटचा. मालक ठाण्याला मुलाकडे, फ्लॅट पुण्यात भाड्याने, आणि त्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये मालकांची मारुती ८००. राखाडी कव्हर घातलेली, चारही टायर बसलेले. त्या गाडीचं उत्पादन थांबलं २०१४ मध्ये. ही तर त्याच्याही कितीतरी आधीची. ती विकायची नसते, कारण ती पहिली गाडी. चालवायची नसते, कारण ती चालत नाही. भाडेकरू चकचकीत नवी गाडी रस्त्यावर कडुनिंबाखाली लावतो, रोज सकाळी काचेवरची कावळ्यांची देणगी पुसतो आणि जाता-येता त्या कव्हरकडे बघतो. फोन केला की काका म्हणतात, "पुढच्या महिन्यात येतोच आहे, बघू काय करायचं ते." भाडं वेळेवर घेणारा माणूस गाडीच्या बाबतीत इतका हळवा असेल असं करार करताना वाटत नाही. मला या बाबतीत भाडेकरूची बाजू पटते आणि काकांचं दुःख कळतं. अशा वेळी मध्यस्थाने तिथून निघून जावं.

तिसऱ्या प्रकारात मालक, भाडेकरू दोघेही पुणेरी. मग चिठ्ठ्या चालतात. वायपरखाली पहिली चिठ्ठी येते: 'कृपया आपले वाहन पट्ट्याच्या आत लावावे.' दुसरीत 'यापूर्वी कळवूनही' येतं. तिसरीला ताजा कलम असतो आणि प्रत सेक्रेटरींना. अक्षर तिन्हींत सुरेख. चिठ्ठ्या संपल्या की वस्तू येतात. आधी प्लॅस्टिकची मोडकी खुर्ची, मग रंगाच्या डब्यात काँक्रीट ओतून रोवलेला पाइप, आणि शेवटचं अस्त्र म्हणजे कुंडी. शेवंतीची कुंडी भाडेकरू पायाने सरकवू शकतो. पण अनुभवी मालकीणबाई तिथे तुळस ठेवतात. तुळशीला पायाने सरकवायची कोणाची छाती आहे? तो मुकाट्याने कंपाउंडबाहेर जागा शोधायला जातो.

वाड्यांच्या काळातही हे होतंच, फक्त चाकं लहान होती. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवली. मालकाला भाडं वाढवता येईना, भाडेकरूला काढता येईना. हातात राहिला होता फक्त चौक. मग खांबाला सायकल टेकवली म्हणून, चेनचं ऑइल फरशीवर सांडलं म्हणून, उंबरठ्यावरून सायकल उचलून न नेता आपटत नेली म्हणून वाड्याचे मालक तात्या ओरडायचे. साडेसात रुपये भाड्यात एवढं ओरडणं मिळायचंच.

या सगळ्यात एक गंमत अशी, की फ्लॅटचे मालक ज्या जागेला छातीठोकपणे 'माझं पार्किंग' म्हणतात, ती बहुधा त्यांची नसतेच. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निकाल दिला: इमारतीखालची खांबांमधली जागा आणि उघड्यावरची जागा सामाईक, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. मग ती सांभाळायची सोसायटीने. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर आदर्श उपविधी म्हणतात, दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करा. काकांनी बिल्डरला तेव्हा रोख मोजलेले असतात, त्यामुळे हा निकाल त्यांच्यापुढे काढू नये. चहा मिळत नाही.

सोसायटीचा भाडेकरूवर वेगळाच राग. घर भाड्याने दिलं म्हणून ती मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. २००१ च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, याचं तिला आजही वाईट वाटतं. ते शुल्क अखेर भाड्यातूनच निघतं. तरी फलक असतोच: 'भाडेकरूंनी आपली वाहने बाहेर लावावीत.' म्हणजे भाडेकरू पैसे भरतो मालकाला, मालक भरतो सोसायटीला आणि गाडी उभी राहते महापालिकेच्या रस्त्यावर.

आणि या सगळ्यांच्या वर वॉचमन. सी विंगमधले साहेब रात्री अकराशिवाय येत नाहीत, दुसऱ्या मजल्यावरचे दिवाळीला गावी जातात, हा नकाशा फक्त त्याच्या डोक्यात. नव्या भाडेकरूला हे फार लवकर कळतं. मालकांना कळत नाही, कारण ते वर्षातून एकदा येतात.

असेच ठाण्याचे काका एका रविवारी कव्हरखालची मारुती बघायला आले. गेटवर नवा वॉचमन. आता सोसायटीत येणाऱ्या माणसाची सूचना फ्लॅटवाल्याच्या मोबाइलवर जाते. त्याने 'होय' दाबलं की गेट उघडतं. वॉचमनने फ्लॅट नंबर विचारला, नाव टाइप केलं आणि काकांची गाडी बाजूला घ्यायला लावली. "अरे, मी मालक आहे!" काका म्हणाले. वॉचमनने मान डोलावली. तसं दिवसातून चारपाच जण म्हणतात. वर भाडेकरूचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला आणि तो आंघोळीला. काका वीस मिनिटं हॉर्न वाजवत होते. शेवटी 'होय' आलं, तेव्हा वॉचमनने रजिस्टर पुढे केलं आणि बजावलं, "गाडी बाहेरच लावा, काका. व्हिजिटरला आत पार्किंग नाही."