बॉनेटमामा

कोल्हापुरात जुन्या गाडीचं बॉनेट उघडून नुसतं उभं राहावं. बिंदू चौकात असाल तर मिनिटभर, रंकाळ्यावर असाल तर दोन मिनिटं. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाच्या चढाला औषधालासुद्धा माणूस दिसत नाही, पण तिथंही पाचेक मिनिटांत उसाच्या फडातून एक पांढरी टोपी बाहेर येते, कमरेवर हात ठेवते आणि विचारते, "तापली व्हय?"

हे बॉनेटमामा.

मामा कुणाचेच सख्खे मामा नसतात. प्रत्येक पेठेत एक तरी असतोच. काही पेठांत दोन असतात, आणि मग त्यांचं एकमेकांशी बोलणं नसतं. आमच्या पेठेतल्या मामांच्या एका खिशात टेस्टर असतो, दुसऱ्यात चुन्याची डबी. उमेदीत त्यांनी नेमकं काय केलं हे कुणालाच धड ठाऊक नाही. कुणी म्हणतं उद्यमनगरात लेथवर होते, कुणी म्हणतं एस.टी.च्या वर्कशॉपात. त्यांनाच विचारलं तर म्हणतात, "केलं की सगळं," आणि विषय रेडिएटरकडं नेतात. उजव्या कोपराखाली भाजल्याचे तीन डाग आहेत. मोडलेले कान झाकणार नाहीत अशा बेतानं पैलवान फेटा बांधतो, तशी मामा बाही दुमडतात. "ह्यो ट्रकचा. ह्यो विली जीपचा. आन ह्यो अँबॅसडरचा, पर ह्यात माझी चूक न्हवती." तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये, आतलं पाणी दाबाखाली असतं, दाब सुटला की एकदम उकळून तोंडावर येतं, हे आपण पुस्तकात वाचतो. मामांच्या हातावर ते तीनदा लिहिलेलं आहे.

या आत्मविश्वासाला गावाची फूस आहे. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा बघून इथंच आपला कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. शेतावरच्या ऑइल इंजिनांचे भाग इथल्याच फाउंड्र्यांत ओतले गेले. अशा गावात वाढलेल्या माणसाला एखादं यंत्र आपल्याला कळत नाही असं म्हणायची लाज वाटते. पुण्यात यंत्र बिघडलं की लोक कंपनीला पत्र लिहितात. इथं पाना शोधतात.

मामांची तपासणी मात्र बघण्यासारखी. इंजिन चालू ठेवायला सांगतात. वैद्य नाडी धरतो तसा आधी वरचा होज पाइप चिमटीत धरतात, मग खालचा. वरचा चटका देतोय आणि खालचा गार लागतोय, म्हणजे पाणी फिरत नाही. एक तर थर्मोस्टॅट मिटून बसलाय, नाही तर रेडिएटर चोंदलाय, नाही तर वॉटर पंपानं मान टाकलीय. दोन्ही सारखेच पोळतायत, म्हणजे पाणी फिरतंय पण निवत नाही. मग फॅन बघायचा, बेल्ट अंगठ्यानं दाबून बघायचा, आणि गळीत हंगाम असला तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं पाचट उपसायचं. शेवटी डिपस्टिक. तिच्यावरचं ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट गेलं, पाणी ऑइलात शिरलं. अशा वेळी मामा टोपी काढतात आणि मालकाच्या पाठीवर हात ठेवतात.

हे सगळं बरोबरच असतं. अडचण मामांच्या ज्ञानात नाही, दानतीत आहे. एका रोगाला एकच औषध देणं त्यांना कद्रूपणाचं वाटतं. तांबडा रस्सा वाढला तरी पांढरा वाढल्याशिवाय ते पंगत उठू देत नाहीत.

माझी गाडी वडिलांची. तिचं नाव सांगत नाही. म्हातारपणी कुणाची दुखणी चारचौघांत सांगू नयेत. वय पन्नाशीच्या पुढं, गिअर स्टिअरिंगला. गेल्या उन्हाळ्यात तिचा टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडं सरकायला लागला. वाफ नाही, गळती नाही, इंजिनाचा आवाज भजनाला बसलेल्या माणसासारखा एकलयीत, काटा तेवढा चढलेला. मी घराच्या दारात बॉनेट उघडलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

"थर्मास्टेट काढून टाका, मास्तर," मामा म्हणाले. "ते थंड मुलखातल्या लोकास्नी. आपल्याकडं थंडी हाय कुठं?"

थर्मोस्टॅट हा इंजिनाचा दारवान. पाणी पुरेसं तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट अडवून धरतो, म्हणजे इंजिन लवकर आपल्या हक्काच्या उष्णतेला येतं. त्याला हाकलून दिला की इंजिन कोमट राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि आतून झिजतं. हे मी मामांना सांगणार होतो, पण तोवर त्यांनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवलाही होता.

त्याच्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता. घरी पातेल्यात पाणी ठेवलं, शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर बुडवला आणि दारवानाला दोऱ्यानं बांधून आत सोडला. ऐंशी अंशांपर्यंत ढिम्म. ८२ च्या पुढं त्यानं हळूच डोळा किलकिला केला आणि नव्वदीच्या पुढं सताड उघडला. निर्दोष सुटला. मागं बायको केव्हा येऊन उभी राहिली ते कळलं नाही. "पंधरा वर्षांत दुधाकडं एकदा तरी असं लक्ष दिलंत?" एवढंच म्हणाली.

दारवान परत कामावर रुजू झाला. काटा तिथंच.

मग रेडिएटर उतरवला. आजवर विहिरीचं पाणी पाजलेलं, नळ्यांत क्षारांचा थर धरलेला. उद्यमनगरातल्या एका कारागिरानं तो खोलून, साफ करून, पुन्हा डाग देऊन दिला. मी कूलंट भरायचं ठरवलं तर मामा म्हणाले, "हिरवं सरबत कशाला?" त्यानं पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि गंज धरत नाही, हे त्यांना पटवायला दोन चहा लागले. झाकणाची पाळी आली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, म्हणून उघड्या भांड्यातलं पाणी इथं अंदाजे ९८ अंशांनाच उकळतं. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते म्हणून गाडीतलं पाणी शंभरीपार जाऊनही उकळत नाही. स्प्रिंग मेली की ती सवलत संपली. आमची स्प्रिंग जिवंत होती, तरी मामांनी झाकण बदलायला लावलं. दोन होज पाइप, एक फॅन बेल्ट. बिलांचा गठ्ठा चढत होता आणि काटाही. गंमत म्हणजे तो फक्त संध्याकाळी चढतो, हे आता कुठं ध्यानात आलं.

मामांकडं याचंही उत्तर होतं. "दिवसभर रस्ता ऊन पितंय, आन सांजच्याला वकतंय." मला हे पटलं. अजूनही वाक्य म्हणून ते मला आवडतं.

एका संध्याकाळी रंकाळ्यावर गाडी उभी केली, इंजिन चालूच होतं, आणि मी दिवे बंद केले. काटा झपकन खाली आला. पुन्हा दिवे लावले, काटा वर. बंद केले, खाली. शेजारी भेळ खात बसलेल्या मामांना म्हटलं, "मामा, लाइट लावला की इंजिन तापतंय."

मामा गप्प झाले. ओळख झाल्यापासून पहिल्यांदा. भेळेचा कागद माझ्या हातात दिला, दिवे आणि इंजिन बंद करायला लावलं आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. पाय दाराबाहेर. आतून टेस्टर मागितला, मग चुन्याची डबी मागितली. मीटरच्या मागं अर्थिंगची एक वायर एका स्क्रूखाली होती आणि तो स्क्रू गंजला होता. डॅशबोर्डच्या दिव्यांचा करंट आणि काट्याचा करंट त्याच एका चोंदलेल्या बोळातून परत जायला धडपडत होते. दिवे लागले की गर्दी व्हायची आणि काटा ढकलला जायचा. इंजिन कधी तापलंच नव्हतं. इतके दिवस आम्ही एका स्क्रूच्या सांगण्यावरून इंजिनावर इलाज करत होतो. मामांनी डबीच्या कडेनं गंज खरवडला, स्क्रू आवळला. मी इंजिन चालू केलं, दिवे लावले. काटा मधोमध येऊन बसला तो हललाच नाही.

मामा बाहेर आले, टोपी झटकली. "म्हटलं न्हवतं, करंटचा इषय हाय म्हणून?"

म्हटलं नव्हतं. पण चुन्याची डबी त्यांची होती, मी मान हलवली.

त्या खुशीत मी त्यांना एक गोष्ट सांगितली. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जी मेबॅक गाडी येते, राजाराम महाराजांच्या काळातली, ती ज्या जर्मन घराण्याच्या नावाची, त्यातल्या विल्हेल्म नावाच्या गृहस्थानंच मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर पहिल्यांदा केला. १९०१ च्या मर्सिडीजला तो होता. आठ हजारांवर बारीक नळ्या, त्यांच्यातून वारा जायचा आणि भोवतीचं पाणी निवायचं.

"पोळं?" मामा म्हणाले. "मधमाशीचं बघून केलं?" आणि बराच वेळ रंकाळ्याच्या पाण्याकडं बघत राहिले.

दसऱ्याला मी चौकात गेलो. पालख्या आलेल्या, गर्दी मावत नव्हती. मेबॅक आली तशी सगळ्यांच्या माना महाराजांकडं वळल्या. एक पांढरी टोपी तेवढी गर्दीतून वाकून गाडीच्या नाकाकडं बघत होती. शमीपूजन झालं, लोक सोनं लुटायला धावले, गाडी निघून गेली. मी शोधत गेलो तर मामा रस्त्यावर उकिडवे बसलेले, गाडी उभी होती तिथली जमीन बोटानं चाचपत.

"एक थेंब न्हाई," ते म्हणाले. मग उठले, खिशातून चुन्याच्या डबीसोबत आपट्याची दोन पानं काढली, माझ्या हातावर ठेवली. "सोनं घ्या, मास्तर. तुमच्या गाडीला असलं पोळं बसवूया काय? उद्यमनगरात करून घिऊ."