जुनं पण कोरं

जुन्या हत्यारांच्या शौकिनाला हत्यारं आवडतात, हा त्याचा स्वतःबद्दलचा गैरसमज आहे. मी त्याच पंथातला असल्यामुळे हे विधान पूर्ण जबाबदारीने करतो. गॅरेज सेलमध्ये भल्या सकाळी परक्या माणसाच्या खोक्यात हात घालून गंजके रंधे उलटेपालटे करणाऱ्या कोणालाही विचारा. तो सांगेल की जुन्या पोलादाची सर नव्याला नाही, त्या काळचे कारागीरच वेगळे, आता सगळं प्लास्टिक झालंय. सांगतानाचा सूर असा, की १८६९ साली लेनर्ड बेलीची रंध्यांची पेटंटं विकत घ्या हा सल्ला स्टॅन्ले कंपनीला जणू यानेच दिला होता. माझं म्हणणं निराळं आहे. आम्हाला हत्यार आवडतं ते एका अटीवर: ते चालवणारा हात मध्ये येता कामा नये. हात जितका कमी लागलेला, तितकी आमची भक्ती जास्त.

पुरावा बाजारभावात आहे. स्टॅन्लेचा चार नंबरचा रंधा नऊ इंच लांब, पातं दोन इंचांचं. लाकूड गुळगुळीत करायला याच्याइतका भरवशाचा रंधा सापडणं कठीण. तो वीस-तीस डॉलरला मिळतो, आणि एवढ्यालाही आम्ही नाक मुरडतो. त्याच घराण्यातला एक नंबर जेमतेम साडेपाच इंचांचा. त्याची मूठ इतकी इवलीशी, की मोठ्या माणसाच्या पंजाने तिच्याभोवती कुठे बसावं हा प्रश्नच आहे. त्यावर काम करणं अवघड, म्हणून तो फारसा खपला नाही. खपला नाही म्हणून दुर्मिळ झाला, आणि दुर्मिळ म्हणून त्याला हजार डॉलरच्या घरात भाव येतो. पंचावन्न नंबरची कथा याहून सुरस. १८९७ साली बाजारात आलेला हा रंधा म्हणजे एकट्याने चालणारी रंधागिरणीच, असा कंपनीचा दावा होता. सोबत पन्नासहून जास्त पाती. तो जुळवून होईपर्यंत साध्या सुताराची निम्मी चौकट तयार झालेली असायची. त्यामुळे आजही तो मूळ खोक्यात, पात्यांच्या पेट्यांसकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अवस्थेत सापडतो आणि आम्ही त्याच्यापुढे हात जोडतो. चांगलं हत्यार झिजतं. धार लावून लावून पातं आखूड होतं, मूठ गुळगुळीत होते, एखादा स्क्रू बदललेला असतो. कोरं करकरीत राहिलेलं जुनं हत्यार उत्तम कारागिरीचा पुरावा म्हणून दाखवलं जातं. बहुतेक वेळा ते एवढंच सिद्ध करतं की त्याच्या वाटेला कोणी गेलं नाही.

इथे करवतीच्या टोच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. जुन्या अमेरिकन करवतींच्या पाठीवर, टोकाजवळ, एक बारीकसा टोचा निघालेला असतो. दातांच्या बाजूला नव्हे, विरुद्ध बाजूला, जिथे त्याचं काही काम नाही. तो कशासाठी? एक मत असं, की दातांवर संरक्षक पट्टी बसवली की तिची दोरी अडकवायला. दुसरं मत, लाकडावर पहिली खूण पाडायला. आता ज्याच्या हातात दातांनी भरलेली करवत आहे, त्याने खूण पाडायला ती उलटी का करावी, याचं उत्तर या मताच्या पुरस्कर्त्यांकडे नसतं, पण आवाज मोठा असतो. तिसरं मत, पोलादाला पाणी नीट दिलंय का ते पाहायला. चौथ्या मताप्रमाणे जुन्या डच करवतींच्या पाठीवर जी नक्षी असे, तिचा हा उरलेला अवशेष. झिजलेल्या शिलालेखातल्या एका अक्षरावरून पुण्यातले दोन इतिहाससंशोधक जितके हमरीतुमरीवर येतील, तितकेच आम्ही या टोच्यावरून येतो. गंमत अशी की हेन्री डिस्टनने १८४० साली फिलाडेल्फियात ज्या धंद्याची सुरुवात केली, त्या करवतींच्या कंपनीने आपल्या हँडबुकात स्वच्छ छापून ठेवलंय: टोच्याला व्यवहारात काही उपयोग नाही, पाठीची सरळ रेघ जरा मोडावी एवढ्यासाठी तो आहे. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण आमचं म्हणणं असं, की ज्याने करवत बनवली त्याला काय कळतंय! हे विषयांतर वाटलं तरी ते माझ्याच मुद्द्याला धरून आहे. बनवणाऱ्याचा शब्द आणि चालवणाऱ्याचा हात, दोन्ही वगळले की आम्हाला विद्वत्तेला मोकळं रान मिळतं.

यावर पहिला आक्षेप काटकसरीचा, आणि मराठी मनाला तो फार भावतो. मेन राज्यातली ली-नील्सन कंपनी १९८१ पासून याच जुन्या नमुन्यांवर उत्तम नवे रंधे बनवते आणि एकेकाचे तीनशे डॉलरच्या पुढे घेते. मग पंचवीसचा जुना काय वाईट? काहीच नाही, एक घेतला तर. पण आम्ही एकावर थांबत नाही, कारण पंचवीसला मिळालेला रंधा चालवायचा नसतो, पंचवीसला मिळाला हे सांगायचं असतं. त्यात बॅटरी चार्जर, धुण्याचा सोडा, पाण्याची बादली आणि गंज उतरवण्यात गेलेला अख्खा रविवार कोणी हिशेबात धरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आम्ही घेतलं नाही तर हे बीड भट्टीत जाईल. हे मात्र मला मान्य आहे. वितळून जाण्यापेक्षा फळीवर बसलेलं बरं. पण फळीवरून ते लाकडावर कधी उतरणार, हे विचारलं की आक्षेप घेणारे विषय बदलतात.

आता जी गोष्ट मला खरोखर खटकते ती सांगतो. इस्टेट सेल म्हणजे बहुधा माणूस गेलेला असतो आणि त्याचं घर किंमतीच्या चिठ्ठ्या लावून उघडलेलं असतं. तिथल्या रंध्यांवर, पटाशांच्या दांड्यांवर पुष्कळदा नाव ठोकलेलं किंवा कोरलेलं सापडतं. सुतार आपली हत्यारं आपल्या मजुरीतून घ्यायचे, एका बांधकामावर दहाजण असायचे, म्हणून नाव घालायचे. आमच्या बाजारात या नावाने किंमत उतरते. ‘स्थिती उत्तम, फक्त मालकाचं नाव आहे’ असं वर्णन आम्ही बिनदिक्कत लिहितो, जणू त्या माणसाने कंपनीच्या मालावर ओरखडा काढला.

अमेरिकेतल्या आम्हा मराठी शौकिनांना तर हे जास्त शोभत नाही. ज्यांच्या घराण्यात लेखणीपेक्षा जड काही उचललं गेलं नाही, ते रोजवुडच्या मुठीवर हात फिरवून गहिवरतात. खुशाल गहिवरा. पण कपाट करायला घरी आलेल्या सुताराशी हजेरीवरून ताणाताणी करणारे, त्याच्या चहाचा कप वेगळा ठेवणारे, खंडेनवमीला तो हत्यारं पुजायला थांबला की ‘आज खाडा का?’ विचारणारे आपलेच लोक होते, आणि आहेत. त्याच्या रंध्याचं पातं बोटभर उरेपर्यंत चालतं आणि मग भंगारात जातं. आपण हळहळावं असं काही तो मागे ठेवत नाही.

कोणी म्हणेल, मग दिनकर केळकरांनी काय केलं? त्यांनीही अडकित्ते, दिवे, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडीच जमवली. जमवली, पण हाताळून झिजलेल्या वस्तूंकडे त्यांनी पाठ फिरवली नाही, सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला, आणि पुण्यातल्या त्या संग्रहालयाला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. त्यांना नाव म्हणजे डाग वाटला नाही.

तेव्हा घ्यायचाच असेल तर चार नंबर घ्या. तळाला, पात्याच्या तोंडापाशी तडा नाही ना, एवढं उजेडात धरून बघा. घरचं कोणी उभं असेल तर हत्यार कोणाचं होतं ते विचारा. आणि बाजूवर नाव ठोकलेलं असेल तर ते घासून काढू नका, त्यापायी दोन डॉलर कमीही करायला लावू नका.